मान्यताप्राप्त बेटवासी

सप्टेंबरातल्या त्या सकाळी शशिकांत राजहंस नेहमीप्रमाणे उठले, तेव्हा अल मुंतझातल्या त्यांच्या इमारतीसमोरचा रस्ता पुन्हा खणलेला होता. आदल्या संध्याकाळीच तो बुजवून, वर डांबर ओतून, पांढरे पट्टे मारण्यात आले होते. फुटबॉलचा विश्वचषक तोंडावर आल्यामुळे दोह्यातले सर्व रस्ते अंतिम स्वरूपात येत होते. काही रस्ते तर अनेकदा अंतिम स्वरूपात आले होते. शशिकांतरावांनी आंघोळीला गार पाणी हवं म्हणून गरम पाण्याचा नळ सोडला. गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी अंग भाजतं आणि बंद ठेवलेल्या गीझरमधलं तेवढं सोसवतं, हे इथे आलेला माणूस पहिल्याच उन्हाळ्यात शिकतो. स्वयंपाकघरातल्या कपाटातल्या देवांना फूल वाहून त्यांनी कपाटाचं दार लावलं. पत्नी सुहासिनीबाईंनी पुढे ठेवलेले पोहे खाल्ले. मुलीला, नुपूरला, डबा घेतलास का म्हणून मराठीत विचारलं, तिने इंग्रजीत, न बघता, घेतल्याचं सांगितलं. मग त्यांनी पोलादी टोकाचे बूट चढवले, गळ्यात ओळखपत्र अडकवलं, परावर्तक पट्ट्यांचं जाकीट हातावर टाकलं आणि ते पॉलिनेशियाला निघाले.

पॉलिनेशिया गाडीने फार लांब नव्हता. एका मोठ्या वाहनतळाच्या जागेवर ‘विश्वसंस्कृती ग्राम’ उभं राहत होतं. खेळणाऱ्या देशांची दालनं मोठ्या कंपन्यांनी आधीच वाटून घेतली होती. शशिकांतरावांची कंपनी मुळात गिलावा आणि गळतीप्रतिबंधक कामं करणारी. तिच्या वाट्याला ‘न खेळणारं जग’ या शीर्षकाखालचं उरलंसुरलं काम आलं होतं. त्याच्या परिमाणपत्रकात, म्हणजे कामांच्या मोजमापाच्या यादीत, ध्रुवप्रदेश होता, वाळवंट होतं (ते आयात करायचं होतं, कारण स्थानिक वाळू प्रकाशात पिवळी दिसत नव्हती), आणि एके ठिकाणी स्वच्छ लिहिलं होतं: ‘दुर्गम बेट, संस्कृतीसह, पुरवणे व बसवणे, एक नग.’

बेट कोणतं असावं हे सल्लागार डॉ. ब्रॅमवेल यांनी ठरवलं. पॅसिफिक महासागरातल्या पॉलिनेशियाच्या तेपुआरी नावाच्या बेटाविषयी त्यांच्या गुरूंनी, फार वर्षांपूर्वी, एक ग्रंथ लिहिला होता आणि डॉ. ब्रॅमवेल यांनी आपलं आयुष्य त्या ग्रंथाच्या अभ्यासाला वाहिलं होतं. बेटावर ते स्वतः कधी गेले नव्हते. त्यांचे दोन सहकारी जाऊन आले होते आणि परतल्यावर दोघांनीही विषय बदलला होता, हे त्यांच्या नजरेसमोर होतं. प्रत्यक्ष पाहण्याने दृष्टीत पूर्वग्रह शिरतात, असं ते म्हणत.

आखातात बांधकाम करणाऱ्या माणसाचा एका गोष्टीवर अढळ विश्वास असतो: मंजूर नमुना. साधी फरशी बसवायची तरी आधी तिचा एक तुकडा सादर करावा लागतो. सल्लागार त्यावर शिक्का मारतो. ‘कोड ए’ म्हणजे मंजूर, ‘कोड सी’ म्हणजे सुधारून पुन्हा सादर करा. एकदा ए मिळाला की तो तुकडा हाच फरशीचा धर्म. पुढे येणारी प्रत्येक फरशी त्या तुकड्यासारखी आहे की नाही एवढंच पाहायचं. ती चांगली आहे का, हा प्रश्न गैरलागू ठरतो. शशिकांतरावांनी आपली सारी नोकरी या विश्वासावर केली होती आणि त्यांचा एकही गिलावा पडला नव्हता.

त्यामुळे बेटवासीयांच्या पोशाखाचा नमुना सादर करायची वेळ आली, तेव्हा त्यांनी रीतसर तो एका माणसाच्या अंगावर चढवून छायाचित्रं काढली. हाताशी पोपटराव होते. पोपटराव माण तालुक्यातले गवंडी. बेटाचे खडक तेच लिंपत होते. उघडं अंग इथे चालणार नव्हतं म्हणून त्यांना कातडीच्या रंगाचा पूर्ण बाह्यांचा बनियन घातला. गवताचा घागरा अग्निशमन खात्याच्या नियमामुळे न पेटणाऱ्या प्लास्टिकचा झाला. सुरक्षा अधिकाऱ्याने हेल्मेट काढू दिलं नाही, म्हणून पिसं हेल्मेटवरच चिकटवली. पोपटरावांनी हात जोडले, कारण फोटो काढताना दुसरं काय करायचं ते त्यांना सुचलं नाही. सल्लागारांच्या समितीने सगळ्याला मिळून कोड ए दिला. शेऱ्यात डॉ. ब्रॅमवेल यांनी लिहिलं, की कासवाच्या पाठीचं शिरस्त्राण पाहून समाधान वाटलं. गुरूंच्या ग्रंथात त्याचा पुसट उल्लेख आहे.

मंजुरीपत्रावर पोशाख असा शब्द नव्हता. ‘बेटवासी (पुरुष), नमुना मंजूर’ असं होतं. पुढचं सगळं त्यातून नियमाप्रमाणे घडत गेलं. आणखी बेटवासी लागणार होते आणि ते मंजूर नमुन्याबरहुकूम असणं बंधनकारक होतं. उंची, वर्ण, बांधा जुळणारी माणसं पोपटरावांच्या कामगार कॅम्पातल्या खोलीतच मिळाली. नाच त्यांनी आपल्या गावच्या जत्रेतला बसवला. डॉ. ब्रॅमवेल रोज दुभाष्या घेऊन पोपटरावांच्या शेजारी बसत आणि चालीरीती विचारत. लग्नाआधी नवरदेवाला मारुतीच्या पाराला का नेतात हे पोपटरावांनी सांगितलं, तेव्हा त्यांनी ‘विवाहपूर्व पाषाणपूजा’ अशी नोंद करून घेतली. पोपटरावांच्या वागण्यातही फरक पडला. मुकादमाने एकदा त्यांना सिमेंटची गोणी उचलायला सांगितली, तर ते शांतपणे म्हणाले, “मी मंजूर हाय. मला खरचटलं तर पुन्हा सादर करावं लागंल.”

एवढ्यावर सगळं सुरळीत पार पडलं असतं. पण प्रवेशद्वारात एक गाणं वाजत असे. गुरूंनी स्वतः बेटावर ध्वनिमुद्रित केलेलं, एका बाईच्या आवाजातलं. ग्रंथात त्याचं वर्णन ‘परक्या पाहुण्याचं स्वागतगीत’ असं होतं. कर्ण्यांची चाचणी चालू असताना नुपूर एकदा वडिलांबरोबर आली होती, तिने ते मोबाइलवर घेतलं आणि शाळेत मैत्रिणींना ऐकवलं. घरी येऊन तिने सांगितलं, तेही चक्क मराठीत, की मिस रडल्या. भौतिकशास्त्राच्या मिस. शिकवता शिकवता थांबल्या, हे कुठून मिळालं म्हणून विचारलं आणि वर्गाबाहेर गेल्या.

दुसऱ्या दिवशी मेरेआना नावाच्या त्या शिक्षिका साइटवरच्या कार्यालयात आल्या. त्या तेपुआरीच्या होत्या. तिथून शिकायला बाहेर पडल्या, दोन-तीन देश फिरून दोह्याच्या शाळेत लागल्या होत्या. शशिकांतरावांनी त्यांना चहा दिला आणि आनंद व्यक्त केला. त्या इंग्रजीत, वर्गात समजावून सांगावं तसं, हळू बोलल्या.

“हे स्वागताचं गाणं नाही. हा माझ्या आजीचा आवाज आहे. आदल्या रात्री माझे आजोबा होडीसकट बुडाले होते. बायका किनाऱ्यावर बसून त्यांना हाका मारत होत्या. तेवढ्यात जहाज आलं आणि त्यातून तो माणूस यंत्र घेऊन उतरला.”

शशिकांतरावांनी चहाचा पेला खाली ठेवला.

“त्याला वाटलं, सगळा गाव आपल्यासाठी जमला आहे,” त्या म्हणाल्या. “आजी सांगायची, तो हसत होता आणि हात हलवत होता.”

बाकी कशाबद्दल त्यांची तक्रार नव्हती. प्लास्टिकचं गवत राहू दे, त्या म्हणाल्या. बेटावर सगळ्यांची घरं पत्र्याची आहेत, रविवारी लोक चर्चमध्ये जातात आणि डब्यातलं मांस खातात. यातलं काही इथे नाही, तेही नसू दे. फक्त लोक रांगेत खाऊ खात उभे असताना आजीचं रडणं वाजू नये. तेवढं बंद करा.

शशिकांतराव भले गृहस्थ होते. त्यांनी बंद करण्याचं वचन दिलं नाही. शंकानिवारण अर्ज दाखल करण्याचं दिलं. अर्ज गेला. उत्तर आलं, की सदर आक्षेप मान्यताप्राप्त स्रोताकडून आलेला नसल्याने विचारात घेता येत नाही. स्रोत मान्यताप्राप्त करून घ्यावयाचा असल्यास नमुना म्हणून सादर करावा.

मेरेआनांना हे सांगताना शशिकांतरावांनी ‘नमुना’ या शब्दाऐवजी ‘प्रतिनिधी’ हा शब्द वापरला. त्या ठरल्या वेळी आल्या. समितीने त्यांना मंजूर नमुन्याच्या छायाचित्राशेजारी उभं केलं, पुढून आणि बाजूने पाहिलं, काही प्रश्न विचारले आणि आभार मानले. निकाल संध्याकाळपर्यंत आला: कोड सी. शेरे सविस्तर होते. नमुना मंजूर नमुन्यापेक्षा उंच आहे. नमुना चष्मा वापरतो. नमुना भौतिकशास्त्र शिकवतो, मात्र ग्रंथात बेटावरील भौतिकशास्त्राचा कुठेही उल्लेख नाही. हात जोडून उभे राहण्याची विनंती केली असता नमुन्याने कारण विचारले. गीताविषयीचे मत ग्रंथाशी विसंगत असल्याने नमुन्याच्या अस्सलपणाबद्दल रास्त शंका उत्पन्न होते. आधुनिक जगाच्या संपर्काने नमुना दूषित झाल्याचे दिसते. सुधारून पुन्हा सादर करावा.

शशिकांतरावांनी हा निकाल त्यांना मेलने पाठवला, कारण तोंडाने सांगण्याचा धीर झाला नाही. त्या स्वतःच आल्या. चेहऱ्यावर राग नव्हता. मंजूर झालेला माणूस मला पाहायचा आहे, एवढंच म्हणाल्या.

उन्हामुळे दुपारच्या कामबंदीची वेळ होती. पोपटराव कँटीनच्या पंख्याखाली घागरा सावरून बसले होते आणि डब्यातली चपाती खात होते. शशिकांतरावांनी ओळख करून दिली. पोपटराव ताडकन उठून उभे राहिले. त्यांना बेटाविषयी काहीच माहीत नव्हतं आणि ते कधी लपवावं असंही त्यांना वाटलं नव्हतं; कुणी विचारलंच नव्हतं. मेरेआनांच्या इंग्रजीतून, मध्ये शशिकांतरावांना मराठीसाठी उभं करून, सगळी हकीकत त्यांच्यापर्यंत पोचली. पिसांचं हेल्मेट त्यांनी काढून बाकावर ठेवलं.

“सायेब,” ते शेवटी म्हणाले, “आमच्या वस्तीत मयतावर बाया रडाय लागल्या आन येखादा बँडवाला मागं हुबा राहून म्हनला, काय झ्याक सूर हाय, तर काय हुईल?”

“काय होईल?”

“बँड फुटंल.” पोपटरावांनी उरलेली चपाती झाकून ठेवली. “पर इथं फोडून भागायचं न्हाई. बाईंचं त्या डाक्टरला पटंना, कारन त्या तिथल्या हायती. माझं पटतंय. म्या सांगतो, त्यो लिवतो. मंग म्याच सांगतो की, हे गानं आमच्याकडं येशीवर न्हाई म्हनत, दुसरंच म्हनत्यात. बाईंनी मला दुसरं शिकवावं.”

शशिकांतरावांना प्रथम हे अनियमित वाटलं. विचार केल्यावर मात्र त्यात नियमाविरुद्ध काही सापडेना. स्रोत मान्यताप्राप्त होता. मेरेआनांनी हे सगळं भाषांतरात ऐकून घेतलं, थोडा वेळ खिडकीबाहेरच्या फायबरच्या खडकांकडे पाहिलं आणि एक छोटं गाणं आहे म्हणाल्या. ठेका जलद होता. दोन्ही हात पुढे ढकलायचे, टाच आपटायची, काही तरी उचलून फेकल्यासारखं करायचं. पोपटरावांना ते लगेच आलं; त्यांचे साथीदार डबे वाजवत सामील झाले. नंतरच्या प्रत्येक दुपारी तालीम झाली.

डॉ. ब्रॅमवेल यांनी ते गाणं पोपटरावांच्या तोंडून ऐकलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आपल्या गुरूंनाही हे बेटवासीयांनी ऐकू दिलं नव्हतं, ते म्हणाले. हा स्वागताचा अधिक प्राचीन थर होता. द्वारावरचं सध्याचं गीत त्यापुढे उत्तरकालीन आणि मिश्र ठरत होतं. त्यांनी पोपटरावांचे दोन्ही हात हातात घेतले. पोपटराव म्हणाले, “शुक्रन.” त्या अरबी आभाराचीही नोंद झाली.

मंजुरी त्याच दिवशी मिळाली. ग्रामाच्या इतिहासात इतक्या लवकर काहीच मंजूर झालं नव्हतं. संध्याकाळी प्रवेशद्वारातलं जुनं ध्वनिमुद्रण काढून टाकण्यात आलं. त्या क्षणी मेरेआना कर्ण्याखाली उभ्या होत्या. आवाज थांबल्यावर त्यांनी शशिकांतरावांकडे वळून मान लववली.

“नव्या गाण्याचा अर्थ काय आहे?” शशिकांतरावांनी विचारलं.

“हे मंजुरीआधी विचारतात, नाही का?”

मग त्यांनी सांगितलं. ते उंदीर हाकलायचं गाणं होतं. बेटावर मोठे उंदीर नव्हते. ते परदेशी जहाजांतून उतरले, अळूची शेतं खाऊन गेले, चटयाही सोडल्या नाहीत. तेव्हापासून बायका पहाटे पत्रे बडवत हे म्हणतात. आजीला फार आवडायचं.

शशिकांतराव त्या दिवशी घरी उशिरा पोचले. खरं काय ते वर कळवावं, तर नवं गाणं रद्द होईल आणि मंजूर पर्याय म्हणून जुनंच पुन्हा लागेल. न कळवावं, तर जगभरातून येणाऱ्या पाहुण्यांना आपण दारात उभं करून उंदीर म्हणायचं. त्यांनी सुहासिनीबाईंना सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, अहो, लोकांना कुठे कळणार आहे? यात सल्ला होता की टोमणा, ते त्यांना ठरवता आलं नाही.

उद्घाटनाआधी ग्राम निवडक समाजांना दाखवायचं ठरलं आणि पहिला मान मराठी मंडळाला मिळाला. अध्यक्ष अनंतराव दुखानच्या तेलखाणीवर मोठ्या हुद्द्यावर होते. मंडळी नटूनथटून आली. प्लास्टिकच्या झावळ्यांखाली उभं राहून सगळ्यांनी खोल श्वास घेतले. अनंतरावांनी पोपटरावांच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढून घेतला आणि त्यांच्यादेखत, मराठीत, सर्वांना उद्देशून दोन शब्द सांगितले.

“काय निरागस चेहरे आहेत पाहा. ना लोभ, ना धावपळ. आपल्याकडे असं काही उरलंच नाही.”

एका बाईंनी पोपटरावांचा बनियन चिमटीत धरून हा रंग मूळचा की लावलेला, अशी चर्चा सुरू केली. दुसऱ्या म्हणाल्या, यांच्या पायांत बूट आहेत गं. तिसऱ्यांनी समजावलं, की सरकार देतं. गेल्याच वर्षी अनंतरावांच्या अल हिलालच्या व्हिलात गळती लागली होती, तेव्हा पोपटराव आठवडाभर त्यांच्या गच्चीवर होते. रोज दुपारी पाण्याचा तांब्या अनंतरावांच्याच हातून घेत होते. पोपटरावांनी हे बोलून दाखवलं नाही. मंजूर बेटवासी मराठी बोलत नाही.

मग गाणं लागलं. लहानथोर सगळ्यांनी हात पुढे ढकलले, टाचा आपटल्या, फेकायची खूण आली की हसून एकमेकांकडे फेकलं. नुपूर म्हणाली, “बाबा, इट्स सो कॅची.” अनंतरावांनी मंडळाच्या वार्षिक सोहळ्याची सुरुवात यानेच करायचं तिथल्या तिथे जाहीर केलं.

“शशिकांत, याचा अर्थ तेवढा मिळवून दे बाबा,” ते निघताना म्हणाले. “निवेदनात घालू. काही तरी ‘अतिथी देवो भव’सारखंच असणार.”

शशिकांतराव बघतो म्हणाले. पार्किंगकडे जाणारी मंडळी अजून गुणगुणत होती, आणि मागे पोपटराव हेल्मेट काढून मान पुसत होते. शशिकांतरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. पोपटराव म्हणाले, “गच्ची पुन्हा गळती का, तेवढं इचाराचं राहिलं.”

शशिकांतरावांच्या कामातली एकच बाब आता शिल्लक होती: प्रवेशद्वारावरचा अर्थफलक. डॉ. ब्रॅमवेल यांनी त्यासाठी दूरच्या मित्रांनो, आमची दारे उघडी आहेत, अशा आशयाचा मजकूर दिला होता. शशिकांतरावांनी तो बाजूला ठेवला. मेरेआनांकडून गाण्याचा शब्दशः अर्थ मागवला. अरबी आणि इंग्रजी मजकूर कार्यालयातून करून घेतला. भाषांतर करणाऱ्यांना पैसे शब्दमोजणीने मिळत, त्यामुळे अर्थाकडे त्यांनी पाहिलं नाही. ग्रामाच्या नियमानुसार एक भाषा कंत्राटदाराला निवडता येत होती. त्यांनी मराठी निवडली आणि तो मजकूर स्वतः लिहिला. खोडून पुन्हा लिहिला.

फलक तपासणीला गेला. समितीने अक्षरांची उंची मोजली, पांढऱ्या रंगाची छटा मंजूर छटेशी ताडली, पाठीमागचं लाकूड पेट घेत नाही याची खात्री केली. मजकूर ही कंत्राटदाराची जबाबदारी असल्याने तो वाचण्याची तरतूद नव्हती. कोड ए मिळाला.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी शशिकांतरावांनी पाणसळ लावून फलक द्वाराशेजारी, माणसाच्या नजरेच्या उंचीवर, स्वतः बसवला. बाजूला दिवा लावला. कुणाला काही सांगितलं नाही. त्यावर असं लिहिलं होतं:

उंदरांनो, ज्या जहाजातून आलात त्याच जहाजातून परत जा.
अळू कुरतडलंत, चटई कुरतडलीत,
आता आमच्या मेलेल्यांची झोप कुरतडू नका.

नंतरच्या दिवसांत त्या द्वारासमोर लाखो लोक थांबले. जागा उजेडाची होती, त्यामुळे फोटोसाठी सगळ्यांनी तीच पसंत केली. तुम्ही त्या वर्षी दोह्याला गेला असाल, किंवा तुमचा भाऊ, भाची, व्याही कुणी गेलं असेल, तर तो फोटो तुमच्याकडेही आला असेल. तुम्ही त्याखाली हृदय पाठवलं असेल. पुन्हा काढून पाहा. माणसं हसत आहेत, हात पुढे ढकलत आहेत, पाठ फलकाकडे आहे. खांद्यांच्या मधून मजकूर स्पष्ट दिसतो. सर्वांत खालच्या ओळी मराठी आहेत.